तिसऱ्या जागेवरचा वाघ

आमच्या चिंग-शुनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बोलायला माणसं लागत नाहीत, चौकोनी कंस पुरतात. कारखान्यातून तो वेळेआधी निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं, आता हा दुकानात बसेल, कागदी कमळं दुमडायला मदत करेल, आलेल्या गिऱ्हाइकाशी चार शब्द नीट बोलेल. कसलं काय! यानं विकी काढली. स्वतःची, एकट्याची. एकच फाइल, ब्राउझरमध्ये उघडायची, आणि तिच्यात जगातली सगळी माणसं कोंबायची.

आमचं दुकान शीलुओच्या जुन्या बाजारात आहे. मयताचं सामान विकतो आणि विधीही करतो. विधी सासऱ्यांचे. मुहूर्त काढावा तर त्यांनी, असं नदीच्या अलीकडची सगळी गावं म्हणायची. पण दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग आला. पंचांगाचं पान समोर धरलं की कडेची अक्षरं दिसायची, नेमकी हवी ती गायब. कानही तसेच. तेव्हा चिंग-शुन म्हणाला, "बाबांना कशाला त्रास? मी सगळं विकीत घालतो."

आणि घातलं. प्रत्येक घराला एक पान, घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान, पानाला टॅग. कोण कुठल्या प्राण्याच्या वर्षात जन्मलं, तोही टॅग. आमच्याकडे शवपेटीचं झाकण लागताना त्या दिवशी ज्या प्राण्याशी वैर असेल त्या वर्षात जन्मलेल्यानं बघायचं नसतं, पाठ फिरवून उभं राहायचं असतं. बघितलं तर त्याच्यावर येतं, नाहीतर त्याच्या घरच्या नाजूक जिवावर. हे शोधून ऐनवेळी पुकारायचं काम आधी सासरे करायचे. चिंग-शुननं त्याला मॅक्रो लिहिला. मला कळलं तेवढं सांगते, मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं काम. त्याला नावानं हाक मारायची आणि तीन गोष्टी हातात द्यायच्या. पहिल्या जागी घर, दुसऱ्या जागी विधी, तिसऱ्या जागी वैराचा प्राणी. मग आतला फिल्टर त्या घरची माणसं घेतो, त्यांतली त्या प्राण्याची निवडतो आणि नावं फोनवर दाखवतो.

ऐकायला सोपं आहे. करताना त्यानं माझ्या डोक्याला ताप दिला. एकदा फिल्टरमध्ये अधिकचं चिन्ह घालायचं राहिलं, तर त्या घरची सगळी माणसं आणि वर अख्ख्या शीलुओतले ससे आले. मी म्हटलं, "आता मयताजवळ उभं कोण राहणार? कुत्री?" एकदा घराच्या नावात मोकळी जागा होती, तर अर्धं नाव पहिल्या जागी बसलं आणि अर्धं दुसऱ्या जागी. नावाला अवतरणचिन्हं लावायची असतात, हे त्याला कळेपर्यंत जेवण दोनदा गरम करून झालं. कंस उघडला तर बंद करायला नको का? त्यावरून तो स्वतःलाच शिव्या द्यायचा. पण शेवटी चालायला लागलं. मीच गल्लीत सांगत फिरले, आमच्याकडे आता चूक होणारच नाही, यंत्र बघतं म्हणून. हे मी बोलले आहे, दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

चैत्राच्या सुमारास च्यानांचे म्हातारे वडील गेले. त्यांचा मुलगा वेन-त्सुंग भाजीबाजारात कोबीची मोठी उलाढाल करतो, आमची जुनी ओळख. मुलगी लान-यिंग. ती लग्न करून मात्सूला गेली, तिकडं लांब समुद्रात, बेइगान बेटावर. वडील गेले त्या दिवशी मात्सूवर धुकं बसलेलं. वसंतात तिथं असंच होतं. विमानतळ बंद, उद्या बंद, परवा बघू. इकडं शवपेटीत ठेवायचा दिवस सासऱ्यांनी काढला होता आणि त्या दिवशी वैर होतं वाघाशी. चिंग-शुननं मॅक्रो चालवून बघितला, लान-यिंगचं नाव आलं. ती वाघाच्या वर्षातली. पण ती येऊच शकत नव्हती, त्यामुळं कोणाला काही सांगायचा प्रश्नच आला नाही.

मग वेन-त्सुंग स्वतः दुकानात आला. रडून डोळे सुजलेले.

"काका," तो सासऱ्यांच्या कानाशी ओरडला, "दोन दिवस पुढं ढकला ना. ताईनं बोट पकडली आहे. तिला बाबांचं तोंड बघू दे. एवढंच मागते आहे ती."

सासऱ्यांनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली. "चालेल. दोन दिवसांनी चालेल." मग चिंग-शुनकडे वळून विचारलं, "वैर बघशील ना?"

"विकी बघते, बाबा."

तेवढंच बोलणं झालं. मी तिथंच उदबत्त्यांचे गठ्ठे बांधत बसले होते.

त्या दिवशी सकाळी आम्ही उजाडायच्या आधीच निघालो. च्यानांच्या दारात निळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा मांडव होता, गल्ली अर्धी अडलेली. म्हाताऱ्यांना कपडे वेन-त्सुंग आणि आमच्या माणसानं आदल्या दिवशीच घातले होते. पुरुषाला पुरुषच घालतात, मी त्या खोलीत गेले नव्हते. शीतपेटीत ठेवलं तेव्हाही तोंडावर कापड होतं. ते कापड काढतात एकदाच, शवपेटीत ठेवल्यावर. मग घरचे एक फेरी मारतात, बघून घेतात, आणि झाकण लागतं. नंतर ते कोणासाठीही उघडत नाहीत.

लान-यिंग गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि तिथूनच गुडघ्यांवर आली. लेकीनं तसंच यायचं असतं, पण आजकाल दोन पावलं टेकून उठतात. ती उठली नाही. बोटीत उलट्या करून चेहरा पांढराफटक, करड्या स्वेटरला मीठ लागलेलं. "बाबा, मी आले हो, उशीर झाला हो," असं म्हणत ती डांबरावरून सरकत होती. मी धावत जाऊन तिला उठवलं.

"ताई, उठा. वेळेवर आलात. तुमच्यासाठीच थांबलो आहोत."

"अजून झाकण नाही ना लावलं?"

"नाही हो. चला, तोंड धुवा आधी."

मी तिचं तोंड धुतलं, डोक्याला सुतकाची गोणपाटाची टोपी घातली. तेवढ्यात चिंग-शुननं मला खूण केली. फोन माझ्यापुढं धरला. मॅक्रोला हाक मारली होती, खाली एकच नाव आलं होतं. च्यान लान-यिंग. वाघ.

"अरे, हिच्यासाठी तर दिवस बदलला!"

"मग मी काय करू? नाव आलं आहे."

"नीट बघितलंस?"

"फिल्टर बरोबर आहे, चिउ-मेई. कंस न् कंस तपासला."

खोटं नव्हतं ते. कंस खरंच बरोबर होते. आणि बाहेर सासऱ्यांनी घंटा वाजवायला सुरुवात केली होती, त्यांना आता विचारायला जाणं म्हणजे मंत्र तोडणं. भिंतीवर च्यानांचं रोज फाडायचं कॅलेंडर होतं, पण ते म्हातारे गेले त्या तारखेवरच थांबलेलं. मग ते काम माझ्यावर आलं. बायकांना समजवायचं काम नेहमी माझंच असतं. मी लान-यिंगला बाजूला घेतलं.

"ताई, एक सांगू? आज वाघाच्या वर्षातल्यांनी पाठ फिरवायची आहे."

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "पाठ फिरवते मी, चालेल. पण आधी एकदा बघते. कापड काढलं की एकदा. झाकण लागायच्या आधी वळेन."

"तसं नाही चालत हो. कापड काढल्यापासून वळायचं."

"चिउ-मेई, मी रात्रभर बोटीत होते. मी एवढ्यासाठीच आले."

"मला कळतं. पण तुमची मुलगी अवघडलेली आहे ना?"

हे मी म्हटलं. तिच्या मुलीला आठवा महिना लागला होता, वेन-त्सुंगनं बोलता बोलता सांगितलं होतं, आणि मी ते नेमक्या वेळी काढलं. तिचा चेहरा एकदम बदलला.

"तिच्यावर येईल?"

"येतं असं म्हणतात. मी तर म्हणेन धोका नको."

"तुझी खात्री आहे ना? मी वाघाची आहे हे खरं, पण आजचं वैर..."

"ताई, यंत्रानं काढलं आहे. माणूस चुकेल, ते नाही चुकत."

तिनं मान खाली घातली. मग स्वतःच दाराकडे चालत गेली आणि उंबऱ्याबाहेर मांडवाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या मागं उंबऱ्यातच आडवी उभी राहिले, एका बाजूला आतली पेटी, एक हात तिच्या पाठीवर. चिंग-शुननं मोठ्यानं पुकारलं, "वाघाच्या वर्षातल्यांनी पाठ फिरवावी!" कापड काढलं असणार, कारण वेन-त्सुंग मोठ्यानं रडायला लागला. लान-यिंगची पाठ ताठ झाली. तिची मान थोडीशी वळायला लागली, कानाची पाळी दिसली, आणि मी हातानं जोर दिला. "नका, ताई. थोडंच राहिलं." ती परत समोर बघायला लागली. घरचे फेरी मारत होते, पावलांचा आवाज येत होता. मग झाकण बसलं. त्याचा आवाज जड असतो, आम्हाला सवय आहे, तिला नव्हती. ती मागं कलली. मी तिला धरलं.

नंतर तिनं माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं तू होतीस. मी एकटी असते तर वळले असते."

मी म्हटलं, "असं काय म्हणता, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं आणि सवयीनं कॅलेंडरचं पान फाडायला गेले. आदल्या पहाटे निघायच्या घाईत मी परवाचं पान न बघताच फाडून टाकलं होतं, आता वर कालचं होतं. त्यावर माझी नजर गेली. या कॅलेंडरवर काय करावं, काय करू नये, सगळं बारीक छापलेलं असतं. आपण वाचत थोडंच असतो? कालच्या पानावर तळाला छापलं होतं, वैर: ड्रॅगन.

मी ते पान फाडलं नाही. मी परवाचं, त्याच्या आधीचं पान कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढलं. तिथं वाघ नव्हता, ससा होता. मी आणखी मागचं पान शोधलं. ते भिजलं होतं. त्यावर वाघ होता. तो आधी ठरलेला दिवस.

"चिंग-शुन!" मी अशी ओरडले की शेजारचा सोया सॉसवाला बाहेर आला. त्याला मी काही नाही म्हणून परत पाठवलं.

चिंग-शुननं पान बघितलं. मग लॅपटॉप उघडला. मी त्याच्या मागं उभी होते.

"बोल की. काय झालं आहे?"

"मी तिसरी गोष्ट दिलीच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"घर दिलं, विधी दिला. प्राणी द्यायचा राहिला. घाईत."

"मग यानं विचारायला नको, बाबा रे, प्राणी कुठला?"

"नाही विचारत. जागा रिकामी राहिली तर आधी लिहून ठेवलेलं उत्तर घेतो. आणि पहिली तारीख ठरली तेव्हा तपासायला म्हणून मीच तिथं वाघ लिहून ठेवला होता. ठरावीक उत्तर म्हणून." त्यानं डोळे चोळले. "तो त्याच्या परीनं बरोबरच चालला, चिउ-मेई. वाघ मागितला असं समजला, वाघ दिला."

"आणि तेच नाव पुन्हा आलं तेव्हा तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं, की बघ, बरोबर चालतं आहे."

मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हाताशी कागदी कमळं होती, ती फेकून काय होणार! तो खाली मान घालून टाइप करायला लागला. वाघ काढून टाकला. आता तिसरी जागा रिकामी ठेवली तर नाव येणार नाही, लाल अक्षरांत येईल, प्राणी सांगा. तेवढं करायला त्याला उदबत्ती पेटवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. इतकं सोपं होतं! मला रडूच आलं.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी खुर्चीत बसले. ड्रॅगनच्या वर्षातली मी आहे. म्हणजे त्या दिवशी पाठ फिरवायची होती ती मी, आणि मी तर उंबऱ्यात आडवी उभी होते, आतलं सगळं दिसेल अशी. चिंग-शुनच्याही ते लक्षात आलं. तो घाबरून सासऱ्यांकडे गेला, शुद्धीचं पाणी करा म्हणून.

सासऱ्यांना सगळं सांगावं लागलं. दोनदा, ओरडून. मग म्हणाले, "मी विचारलं होतं. वैर बघशील ना, म्हणून."

"हो, बाबा," चिंग-शुन म्हणाला.

"दिवस काढला मी. मलाही माहीत असायला हवं होतं. घंटा वाजवत बसलो." त्यांनी माझ्यासाठी वाटीत पाणी घेतलं, मंत्राची चिठ्ठी जाळून त्यात टाकली, माझ्या डोक्यावर शिंपडलं. मी ते नको म्हणणार होते. मला वाटत होतं, येऊ दे माझ्यावर, काय यायचं ते. पण म्हातारा माणूस माझं डोकं चाचपून शोधत होता, म्हणून मान वाकवली.

"बाबा," मी विचारलं, "झाकण उघडता येईल? उद्या खिळे मारायच्या आत?"

"नाही."

"लेकीसाठी?"

"एकदा लागलं की नाही, सूनबाई. घरचे ऐकणार नाहीत, आणि ऐकलं तरी मी उघडणार नाही. आत काय असेल ते तिला नंतर आयुष्यभर दिसेल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "सांगायचं असेल तर सांगा. न सांगायचं असेल तर माझ्यापुढं पुन्हा काढू नका."

चिंग-शुनचं म्हणणं, सांगू नये. "तिला वाटतं आहे, तिनं मुलीला वाचवलं. ते काढून घ्यायचं का? आणि उपयोग काय?"

"न सांगण्याचा उपयोग तुला. तोंड झाकायला."

"तू सांग मग! जा सांग."

मी गेलेच. चिडूनच गेले. च्यानांच्या दिवाणखान्यात लान-यिंग शवपेटीपाशी जमिनीवर बसली होती, कागद जाळत. मला बघून उठली. मला तिनं आग्रहानं भाताची खीर दिली, वर लाल खजूर. "तू कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही," म्हणाली. "काल तू मला धरलंस ना, तेव्हा मला आईची आठवण झाली. आईचा हात असाच होता. जड."

आता कसं सांगायचं? म्हटलं, जरा गर्दी कमी होऊ दे. मग वेन-त्सुंगची बायको आली, मग मंत्र म्हणणारे आले. मी खीर संपवली आणि घरी आले. चिंग-शुननं माझं तोंड बघून ओळखलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही, माझाच आला.

दुसऱ्या दिवशी खिळे मारले, मिरवणूक निघाली, जाळायला नेलं. लान-यिंग मात्सूला परत गेली. मी दुकानात बसून कमळं दुमडायची. चिंग-शुन मॅक्रोला हाक मारताना आता मला बोलावून तिसरी जागा दाखवायचा. मी मान हलवायची. एकमेकांशी आम्ही तेवढंच बोलत होतो.

मग मात्सूहून पार्सल आलं. एक बाटली तांबडी जुनी तांदळाची दारू, बारीक शेवया, वाळवलेले मासे, आणि एका बाळाचा फोटो. डोळे मिटलेलं, लालबुंद, मुठी आवळलेल्या. सोबत चिठ्ठी होती. मुलगी सुखरूप बाळंत झाली. तू त्या दिवशी मला वळू दिलं नाहीस, म्हणून हा. आमच्याकडे बाळंतिणीला या दारूत शेवया करून घालतात, तूही कर आणि खा, कारण तूही यातली आहेस.

मी त्या बाटलीकडे बघत बसले. सासरे म्हणाले, "कोणी पाठवलं?" मी सांगितलं. ते उठून आत गेले.

मला ती दारू घरात ठेवता येईना आणि फेकताही येईना. असं कसं खायचं! शेवटी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि फोन लावला. माझी पाचावर धारण बसली होती.

"चिउ-मेई! मिळालं का?" मागं बाळ रडत होतं.

"मिळालं, ताई. पण मी ते खाऊ शकत नाही. मला तुम्हाला काही सांगायचं आहे. मध्ये बोलू नका, नाहीतर मी थांबेन."

आणि सांगितलं. मॅक्रो, तिसरी जागा, वाघ आधीपासून बसलेला, कॅलेंडरचं पान. चिंग-शुनचं नाव घेतलं, पण त्याच्यावर ढकललं नाही. मुलीचं नाव मी काढलं, यंत्र चुकत नाही असं मी म्हटलं, मान वळत होती तेव्हा हात मी दाबला, हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खीर खाऊन गप्प परत आले तेही. पलीकडे बाळाचा आवाज लांब गेला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"म्हणजे मी बघू शकले असते," ती म्हणाली.

"हो, ताई."

"मी पोचले होते वेळेवर. आणि बघू शकले असते."

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देईल. देऊ दे. मी त्याचीच वाट बघत होते, खरं सांगते, त्यानं मला बरं वाटलं असतं.

"आणि ड्रॅगन कोण होतं?" तिनं विचारलं.

"मी."

"तू? मग तू तर उंबऱ्यात होतीस, पाठ न फिरवता."

"हो."

"तुला काही झालं नाही ना?"

मी नाही म्हटलं कसंबसं.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता, घाईचा. "मग तूच सांग. वेन-त्सुंगला मी विचारलं होतं, तो म्हणतो, डोळ्यांत पाणी होतं, काही दिसलं नाही. त्याच्या बायकोला विचारलं, ती म्हणाली, भीती वाटली, नुसती पुढं गेले. तू उंबऱ्यात होतीस, तुला आतलं दिसत होतं. कसे दिसत होते बाबा?"

आमच्या तोंडात एक वाक्य तयार असतं. प्रत्येक घरी म्हणतो. ते आपोआप बाहेर आलं. "शांत दिसत होते, ताई. झोपल्यासारखे."

"ते तू सगळ्यांनाच सांगत असशील," ती म्हणाली. रागानं नाही. "मला नीट सांग. दातांची कवळी लावली होती का त्यांना? कवळी नसली की त्यांचे गाल आत जायचे, त्यांना ते आवडायचं नाही, फोटो काढू द्यायचे नाहीत. मी फोनवर वेन-त्सुंगला सांगितलं होतं, लाव म्हणून, आता तो म्हणतो, तुमच्या माणसानं लावली असेल. लावली होती का? तोंड भरलेलं दिसत होतं का?"

मी डोळे मिटले. आठवायला लागले. पेटीची कड आठवली, पिवळं अस्तर, कोणाच्यातरी हातातलं पांढरं फूल. मग करडा स्वेटर आला. खांद्यापाशी एक टाका उसवलेला, मिठाचे पांढरे डाग, गोणपाटाच्या टोपीतून निसटलेले केस, कानाची पाळी. ते सगळं मला अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यापलीकडे काही नव्हतं.

"चिउ-मेई?"

"मला माहीत नाही, ताई."

"माहीत नाही म्हणजे? तू तिथं उभी होतीस ना?"

"होते. पण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी सगळा वेळ तुमच्या पाठीकडे बघत होते, तुम्ही वळू नये म्हणून."